डिजिटल कौशल्ये, शिक्षण आणि समावेशन: सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, बचत गटांच्या कार्यकर्त्या, सार्वजनिक ग्रंथालयांचे पदाधिकारी आणि आपल्या गावात किंवा प्रभागात डिजिटल साक्षरतेचे वर्ग सुरू करू इच्छिणारे नागरिक यांना या विषयाच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायदे व योजना यांची माहिती देताना काही ठिकाणी लेखकाचे मतही आले आहे. ते मत म्हणूनच वाचावे.

मोबाईल तर आता सगळेच वापरतात. मग डिजिटल कौशल्य वेगळे शिकवण्याची गरज काय?

मोबाईल हाताळता येणे आणि त्यावर आपले काम तडीस नेता येणे यांत मोठे अंतर आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. परंतु पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित कामासाठी तो वापरणारे सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. म्हणजे बोटांना सवय झाली आहे, पण ती सवय कोठे वळली आहे हा प्रश्न शिल्लकच राहतो.

युरोपीय संघाने या कौशल्यांची जी चौकट तयार केली आहे, तिच्यात माहिती शोधणे व पारखणे, संवाद व सहकार्य, स्वतः मजकूर तयार करणे, सुरक्षितता आणि अडचण सोडवणे अशी पाच क्षेत्रे मानली आहेत. आपल्याकडे या पाचांची कसोटी रोजच्या व्यवहारात लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारी उत्पादकाला ई-पीक पाहणीच्या अॅपवर आपल्याच शेतात उभे राहून पिकाची नोंद करता येते का, अक्कलकोटच्या पालकाला शिष्यवृत्तीच्या अर्जात राहिलेली त्रुटी वाचून ती दुरुस्त करता येते का, आणि व्हॉट्सअॅपवर आलेला ‘शासन निर्णय’ खरा की बनावट हे अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ताडून पाहता येते का, हे खरे प्रश्न आहेत. व्हिडिओ पाहता येणे हे त्यांचे उत्तर नव्हे.

यासाठी आतापर्यंत कोणत्या सरकारी योजना झाल्या?

महाराष्ट्राला या बाबतीत बराच आधीचा अनुभव आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावागावांत पोहोचला आणि अनेक शासकीय पदांसाठी तो आवश्यक ठरल्यामुळे संगणक शिकणे ही मध्यमवर्गीय घरांतली नित्याची गोष्ट झाली. मात्र तो शुल्क भरून शिकण्याचा, नोकरीकडे पाहणाऱ्या तरुणांचा अभ्यासक्रम होता.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला मंजुरी दिली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला साक्षर करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे आणि प्रशिक्षणाचा काळ २० तास ठेवण्यात आला होता. हे अभियान ३१ मार्च २०२४ रोजी संपले आणि तोपर्यंत सुमारे ६.३९ कोटी व्यक्तींना प्रशिक्षण मिळाले, प्रमाणपत्रे मात्र सुमारे ४.७८ कोटी व्यक्तींना मिळाली. सध्या २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना वाचन, लेखन व अंकज्ञान देण्याबरोबरच जीवनावश्यक कौशल्यांत डिजिटल साक्षरतेचा त्यात समावेश आहे. शिकवण्याची भिस्त स्वयंसेवकांवर असल्यामुळे गावाने मनावर घेतले तर या कार्यक्रमाचा उपयोग करून घेता येतो.

उद्दिष्टापेक्षा अधिक व्यक्तींना प्रशिक्षण मिळाले. मग काम झाले असे का म्हणू नये?

कारण प्रशिक्षणाच्या आकड्याने वर्ग पूर्ण झाल्याचे कळते, काम जमते का हे कळत नाही. अभियानाची रचनाच पाहा. घरातील एकच व्यक्ती निवडायची असेल, तर ज्याला थोडेबहुत येते आणि ज्याच्याकडे वेळ आहे असा महाविद्यालयीन मुलगा पुढे होणे स्वाभाविक आहे. त्याच्या आईला किंवा आजोबांना तो शिकवील हे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात तो शिकवत नाही, स्वतःच करून टाकतो. ‘द्या इकडे, मी करतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यामागे प्रेमही असते, पण त्यातून आईचे अवलंबित्व वाढते. शिवाय साठ वर्षांवरील व्यक्तींना वगळल्यामुळे ज्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो तेच बाहेर राहिले. प्रशिक्षण संस्थेला मोबदला मिळणार तो प्रमाणित उमेदवारांच्या संख्येवर. अशा वेळी लवकर उत्तीर्ण होणारे उमेदवार शोधण्याकडे कल जातो, आणि त्यासाठी कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही.

या पानाचे मत एवढेच आहे की मोजमाप बदलले पाहिजे: प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी त्या व्यक्तीने दुसऱ्याच्या हाती फोन न देता कोणती कामे पूर्ण केली, हे विचारले गेले पाहिजे.

दुसऱ्या एखाद्या राज्याने हे वेगळ्या पद्धतीने केले आहे का?

केरळने केले आहे. तेथे २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ प्रकल्प सुरू झाला होता आणि त्याची केंद्रे पुढे राज्यभर पसरली. अलीकडे ‘डिजि केरळ’ मोहिमेत आधी घरोघरी पाहणी करून ज्यांना डिजिटल व्यवहार येत नाहीत अशा सुमारे २२ लाख व्यक्ती शोधण्यात आल्या, स्वयंसेवकांनी त्यांना घरी आणि रोजगार हमीच्या कामांवर जाऊन शिकवले, आणि मूल्यमापनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य पूर्णतः डिजिटल साक्षर झाल्याचे जाहीर करण्यात आले. ही घोषणा किती काटेकोर मानावी यावर मतभेद असू शकतात. पण आधी गरजू शोधायचा आणि मग वर्ग त्याच्याकडे न्यायचा, हा क्रम आपण घेण्यासारखा आहे. वर्ग उघडून लोकांची वाट पाहिली, तर ज्यांना गरज कमी आहे तेच आधी येतात.

सोलापूरसाठी वेगळा विचार का करावा लागतो?

पहिले कारण भाषेचे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांच्या सीमाभागात कन्नड, शहरातील अनेक वस्त्यांत उर्दू किंवा दख्खनी ही घरची बोली आहे. मराठी समजते, बोलता येते, पण अर्जातील मराठी वेगळीच असते. ‘प्रतिज्ञापत्र अपलोड करा’, ‘सत्यापन प्रलंबित’ यांसारख्या सूचना मराठी माध्यमात शिकलेल्यालाही थबकवतात. जिने शाळेत तेलुगू गिरवली आणि पुढे विडी वळण्यात आयुष्य काढले, तिला त्या निरर्थक वाटल्या तर नवल नाही. त्यामुळे शिकवणारी व्यक्ती त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी असावी.

दुसरे कारण कामाच्या वेळांचे. विडी कामगार महिला पाने-तंबाखू घरी आणून विड्या वळतात आणि ठरलेल्या वेळी कारखान्यात माल देतात. यंत्रमाग कामगारांच्या पाळ्या असतात, तर ऊसतोडीची कुटुंबे हंगामात गाव सोडतात. सकाळी अकरा ते पाच चालणारा वर्ग यांपैकी कोणाच्याही सोयीचा नाही. कुंभारी येथील विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत किंवा जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झालेल्या रे नगरमध्ये मात्र कष्टकऱ्यांची, सारख्याच अडचणींची हजारो कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेथे दुपारी माल देऊन परतल्यावर, गल्लीतल्या ओट्यावर घेतलेला तासाभराचा वर्ग शहरातल्या सुसज्ज प्रयोगशाळेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

तिसरे कारण साक्षरतेचे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांहून अधिक आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलून शोध घेणे, आवाजी संदेश पाठवणे आणि स्क्रीनवरील मजकूर फोनकडून वाचून घेणे येथूनच सुरुवात करावी लागते; अक्षरओळख होईपर्यंत त्यांना थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

महिलांसाठी स्वतंत्र वर्ग घेणे आवश्यक आहे का?

होय, आणि केवळ लाजेमुळे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी, पण फक्त ३३.३ टक्के महिलांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती बदलली असली तरी घरातला एक चांगला फोन कोणाच्या खिशात असतो, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज पडू नये.

याचा परिणाम थेट हक्कांवर होतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये लाभार्थींना ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणे, बंधनकारक झाले. ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. तो क्रमांक पतीचा, दिराचा किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा असेल, तर पैसे जिच्या नावावर आहेत तिला स्वतःचेच काम करण्यासाठी दुसऱ्याला फोन करून आकडे विचारावे लागतात. बँकेत रक्कम जमा झाल्याचा संदेशही तिला सर्वांत शेवटी कळतो. म्हणून महिलांच्या वर्गातील पहिला धडा संगणकाची ओळख हा नसावा; आपल्या आधारला, बँक खात्याला आणि शिधापत्रिकेला कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे हे तपासणे आणि शक्य असेल तेथे तो स्वतःचा करून घेणे हा असावा. ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) बचत गट हे यासाठी तयार व्यासपीठ आहे, कारण तेथे बायका आधीच एकत्र येतात आणि एकमेकींसमोर चुकायला घाबरत नाहीत.

वृद्धांचा किंवा कष्टकऱ्यांचा अंगठाच यंत्रावर उमटत नाही. त्यांनी काय करावे?

वर्षानुवर्षे विड्या वळून, माग चालवून किंवा शेतात राबून बोटांवरील रेषा पुसट होतात, आणि वयाबरोबरही हे घडते. यात त्या व्यक्तीचा काही दोष नाही. बायोमेट्रिक माहिती आधार केंद्रात अद्ययावत करून घेता येते. हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून आणि पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय उपलब्ध आहे. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारले जात असेल, तर दुकानदाराशी वाद घालत न बसता तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

शाळांची भूमिका काय असावी?

या प्रश्नाला सोलापूर जिल्ह्याकडे स्वतःचेच उत्तर आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या प्रयत्नांसाठी. छापील पुस्तक हातात असतानाच कविता ऐकता यावी, धड्याचा व्हिडिओ पाहता यावा, ही कल्पना एका लहान शाळेतून निघून राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली. त्या यशाचे कौतुक भरपूर झाले. त्यातला एक साधा मुद्दा मात्र सहसा बोलला जात नाही. तेथे साधन नंतर आले, आणि कोणत्या मुलाला काय समजत नाही हे शिक्षकाने आधी पाहिले होते. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. निधी येतो, टॅब येतात, उद्घाटन होते, आणि मग शिक्षकाला विचारले जाते की यांचे काय करणार आहात.

शाळेने करण्याजोगे दुसरे काम म्हणजे पारख शिकवणे. सहावी-सातवीच्या मुलांना एखादी बातमी किंवा छायाचित्र देऊन ते कोणी प्रसिद्ध केले, केव्हाचे आहे आणि दुसरीकडे त्याची पुष्टी मिळते का, हे शोधायला लावणे हा मराठीचा, इतिहासाचा आणि संगणकाचा एकत्र तास होऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक मुलाला वेगळे यंत्र लागत नाही. चार मुलांत एक फोन पुरतो, फक्त तो दर वेळी एकाच मुलाच्या हातात राहू नये. ज्या शाळांचे वीजबिल थकल्यामुळे जोडणीच तुटते, तेथे यातले काहीच होणार नाही, म्हणून वीजबिलाची तरतूद हा डिजिटल शिक्षणाचाच खर्च मानावा.

दिव्यांग व्यक्तींसाठी कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार माहिती व संवादाची साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, ही शासनाची जबाबदारी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि केवायसीची प्रक्रिया दृष्टिहीन व चेहऱ्याला इजा झालेल्या व्यक्तींनाही पूर्ण करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगणारी पडताळणी अशा व्यक्तींना शक्य नसते, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. गावपातळीवर याचा अर्थ असा की वर्गात अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक ही स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणारी सोय शिकवणारी किमान एक व्यक्ती असावी आणि वर्ग तळमजल्यावर भरवावा.

फसवणुकीच्या भीतीने ज्येष्ठ नागरिक ऑनलाइन व्यवहारच टाळतात. त्यांना काय सांगावे?

त्यांची भीती खोटी नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही आणि पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करून पैसे मागत नाही, हे प्रत्येक वर्गात ठासून सांगावे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही. योजनेच्या किंवा वाहन दंडाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये नवे अॅप बसवणारी फाइल, उघडू नये, कारण ती फोनमधील संदेश आणि ओटीपी परस्पर पाठवू शकते.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसणे सर्वांत महागात पडते. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीचा क्रमांक १९३० असून जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना, यंत्रणेतील अन्य त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते, म्हणून येथेही वेळ महत्त्वाचा. पोलिसांत जाण्याआधी घरच्यांना सांगायचे धाडस व्हावे, यासाठी मुलांनीही आईवडिलांवर ओरडणे थांबवले पाहिजे.

सगळ्या सेवा ऑनलाइन झाल्या, तर कार्यालयातील खिडकी बंद करावी का?

करू नये. ऑनलाइन सेवेमुळे दाखल्यासाठी तालुक्याला घालावे लागणारे हेलपाटे वाचतात हे खरे आहे, पण समावेशनाचे धोरण म्हणजे सर्वांना एकाच दाराने आत यायला लावणे नव्हे. ज्याला शक्य आहे त्याने फोनवरून अर्ज करावा, ज्याला मदत हवी त्याला आपले सरकार सेवा केंद्र असावे, आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याचा कागदी अर्ज स्वीकारणारा माणूस कार्यालयात असावा. सेवा केंद्रांवर शासनाने ठरवलेल्या दरांचा फलक दर्शनी भागात असावा आणि घेतलेल्या पैशांची पावती मिळावी. पावती मागायला शिकवणे हासुद्धा डिजिटल वर्गाचा भाग आहे.

वर्गासाठी ग्रामपंचायतीला पैसे कोठून मिळतील?

खर्च फारसा नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. जागा शाळेची किंवा ग्रंथालयाची मिळते, शिकणाऱ्यांकडे निदान काही फोन असतात. उरतो तो शिकवणाऱ्याचा मोबदला, इंटरनेट आणि एखादा प्रोजेक्टर. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. दरवर्षी त्यातून काय घ्यायचे असा प्रश्न पडणाऱ्या ग्रामपंचायतींनी महिलांच्या आणि दिव्यांगांच्या प्रशिक्षणाचा विचार जरूर करावा. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात पाणी व स्वच्छतेसाठी बंधित असलेला ६० टक्के हिस्सा वगळता उरलेला भाग स्थानिक गरजांसाठी, वेतन व आस्थापना सोडून, वापरण्याची मुभा होती. अशा अबंधित निधीतून तरतूद करायची तर विषय आधी ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावा लागतो. आराखडा पाठवून झाल्यावर आठवण झाली, तर एक वर्ष गेलेच.

गावात इंटरनेटच नीट चालत नाही.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या प्रकल्पाची फायबर जोडणी आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे का आणि चालू आहे का, हे प्रथम विचारावे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी किंवा ग्रंथालय यांना परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येते.

शिकवणार कोण?

बाहेरून येणारा प्रशिक्षक अभ्यासक्रम संपवून जातो. दोन आठवड्यांनी अॅपचा चेहरामोहरा बदलला की शिकलेल्याला विचारायला कोणी उरत नाही. म्हणून गावातच राहणारी व्यक्ती हवी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. त्यांच्या हिवाळी शिबिरातला एखादा दिवस गटार खोदण्याऐवजी घरोघरी जाऊन मोबाईल क्रमांकांची जोडणी तपासण्यात गेला, तर गावाचे अधिक भले होईल. १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये हे दुसरे ठिकाण. आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे ‘विचारा’ असा फलक लावून एक जाणकार बसला, तरी चालेल. एकच अट त्या जाणकाराने पाळावी: शिकणाऱ्याचा फोन आपल्या हातात घेऊ नये.

वर्ग यशस्वी झाला की नाही, हे कसे मोजावे?

वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला करायचे असलेले एकच काम सांगावे. कोणाला गॅसची नोंदणी करायची असते, कोणाला सातबारा काढायचा असतो, कोणाला दुबईतल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा असतो. तीन महिन्यांनी त्या यादीवर पुन्हा जावे आणि किती जणांनी ते काम एकट्याने केले ते नोंदवावे. उपस्थितीचा तक्ता आणि समारोपाचे छायाचित्र अनुदानाच्या फाइलला लावायला उपयोगी असले, तरी त्यांतून हे कळत नाही. महिला, साठ वर्षांवरील आणि दिव्यांग यांचे आकडे वेगळे ठेवावेत, अन्यथा तरुणांच्या यशात त्यांचे अपयश झाकले जाते.

ऑनलाइन अर्ज केला, पण तो ‘प्रलंबित’ असेच दाखवतो. पुढे काय?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अंतर्गत अधिसूचित सेवांना कालमर्यादा ठरवून दिलेली असते आणि अर्जाची पोच क्रमांकासह मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. मुदत उलटल्यास किंवा अर्ज नाकारल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्यानंतर द्वितीय अपील आणि अखेरीस राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपिलासाठी अर्ज क्रमांक लागतो, तेव्हा पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि क्रमांक वहीतही लिहावा, कारण फोन बदलला की स्क्रीनशॉट सापडत नाही.